रिद्धपूरचा पाठ

परीक्षेच्या कागदावर गोष्टीच्या प्रश्नाखाली एक वाक्य हटकून छापलेले असते : ‘तुमच्या शब्दांत लिहा.’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने वाचलेले आहे, त्याच्या बापाने वाचलेले आहे, आणि आजोबा शाळेची पायरी चढले असतील तर त्यांनीही वाचलेले आहे. पण ‘तुमच्या शब्दांत’ म्हणजे नेमके काय करावयाचे, हे फारसे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. मग मुलगा काय करतो? पुस्तकात ‘सिंह’ असेल तेथे ‘वनराज’ लिहितो, ‘राजा’ असेल तेथे ‘भूपती’ लिहितो, वाक्याचे डोके मागे आणि शेपूट पुढे करतो, शेवटी एक तात्पर्य चिकटवतो आणि मोकळा होतो. त्याहून हुशार मुलगा बाजारातल्या मार्गदर्शकातला उतारा तोंडपाठ करतो. अलीकडे तर तेवढेही कष्ट नकोत. खिशातल्या फोनला विचारले की तो गोष्ट लिहूनच देतो. या सगळ्यात शब्द पुष्कळ असतात, पण मुलाचे म्हणावे असे त्यांत क्वचितच काही सापडते.

मी नागपुरात मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही उद्योगांत माझे काम एकच : कोणाकडून तरी ऐकलेले, वाचलेले पुन्हा सांगणे. म्हणून हा प्रश्न मला नेहमी पडत आला आहे की ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना तिच्यात दुसऱ्याचे किती ठेवावे आणि आपले किती घालावे? त्याचे उत्तर मला सापडले ते आपल्या विदर्भातच. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी तेथे काही माणसांनी हाच अभ्यास केला, आणि तो गुणांसाठी केला नाही. जीव लावून केला. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ या अभ्यासातून जन्माला आला. मी संशोधक नव्हे. विद्वानांनी शोधून, छापून ठेवलेले वाचले आणि मास्तराच्या नजरेने वाचले, एवढाच माझा अधिकार.

महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी हे मूळचे गुजरातचे. पण त्यांनी आयुष्य वेचले ते महाराष्ट्रात, आणि उपदेश केला तो मराठीत. तेराव्या शतकात गोदावरीच्या काठाने, वऱ्हाडातून, गावोगावच्या देवळांतून ते फिरले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, प्रश्नांना उत्तरे देत, आणि एखादी अवघड गोष्ट समोरच्याच्या गळी उतरावी म्हणून दृष्टांत सांगत. त्यांच्या शिष्यांत पंडित होते तशा साध्यासुध्या बायाही होत्या. महदाइसा तर प्रश्न विचारण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. कित्येक प्रसंग केवळ तिने विचारले म्हणून घडले. पुढे मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिला ओळखू लागलो, पण मला ती आधी दिसते ती वर्गात पहिल्या बाकावर बसून ‘पण का?’ म्हणणारी मुलगी.

इ. स. 1274 च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्रातून निघून गेले. शिष्य पोरके झाले आणि रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या, म्हणजे चक्रधरांच्या गुरूंच्या, आश्रयाला आले. पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांनाच भटोबास म्हणत. गुरू समोर नाही, त्याचे पुस्तक नाही. उरले काय, तर आठवणी. भटोबास त्या आठवणींचे मनाशी स्मरण करीत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि विचारले. हे म्हाइंभट सराळे गावचे मोठे शास्त्री. विद्येचा अभिमान घेऊन चक्रधरांकडे आले होते आणि शिष्य होऊन राहिले होते. त्यांच्या लक्षात आले की आज हे आठवणारे आहेत तोवर ठीक आहे. हे गेले की सारेच गेले. म्हणून भटोबासांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असा क्रम सुरू झाला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चक्रधरांना ज्यांनी ज्यांनी पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक प्रसंग गोळा केला, आणि भटोबासांपुढे ठेवून पारखून घेतला. शके 1200 म्हणजे इ. स. 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झाले. ज्ञानेश्वरीच्याही हे सुमारे बारा वर्षे आधीचे.

आता मास्तराच्या नजरेने पाहा. संस्कृतात मुरलेला हा शास्त्री. त्याने मनात आणले असते तर प्रत्येक प्रसंगाला उपमांचे दागिने घातले असते, देवादिकांची वर्णने जोडली असती. त्याने तसे काही केले नाही. कोण कोठे होते, कोण काय म्हणाले, त्यावर स्वामी काय म्हणाले, एवढे लहान लहान वाक्यांत लिहिले. माणसे जेवतात, रुसतात, वाट चुकतात, वेडेवाकडे प्रश्न विचारतात. दिवाळीसुद्धा या ग्रंथात आहे. बोलणाऱ्याची बोली त्याने पुसून टाकली नाही. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असे सांगितले की आमचा मुलगा पहिल्याने जे करतो, म्हणजे साधा शब्द काढून भारी शब्द घालतो, ते या पंडिताने कटाक्षाने टाळले. दुसऱ्याचे बोलणे आपण पुन्हा सांगतो तेव्हा त्याचा आवाज ऐकू यावा, आपला नव्हे, ही पुनर्कथनाची पहिली शिस्त. ती मराठीला म्हाइंभटांनी घालून दिली.

पण गोष्ट नुसती जशीच्या तशी जपली म्हणजे काम संपले असे नाही. ती समोरच्याच्या उपयोगीही पडली पाहिजे. हे दुसरे काम केसोबासांनी केले. त्यांनाच केशिराज व्यास म्हणतात. लीळाचरित्रात ठिकठिकाणी विखुरलेले चक्रधरांचे दृष्टांत त्यांनी वेचून एकत्र आणले आणि ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात 114 दृष्टांत आहेत. त्याची मांडणी मी वर्गात नेहमी फळ्यावर काढतो, इतकी ती साधी आणि पक्की आहे. प्रत्येक ठिकाणी तीन भाग. आधी सूत्र : म्हणजे स्वामींचे वचन. मग दृष्टांत : म्हणजे ते वचन कळावे म्हणून स्वामींनी सांगितलेली गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक : म्हणजे ती गोष्ट कशाला लागू करावयाची याचा उलगडा. पहिले दोन भाग गुरूचे, तिसरा केसोबासांचा. गोष्ट गुरूची आणि अर्थ लावणारा मी, ही रेघ त्यांनी ग्रंथभर पुसू दिली नाही. आपण लावलेला अर्थ गुरूच्या तोंडी घालण्याचा मोह किती मोठा असतो, हे कोणत्याही शिष्याला, अनुयायाला आणि चरित्रकाराला विचारावे!

केसोबासांबद्दल एक प्रसंग प्रसिद्ध आहे. संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व होते आणि संस्कृतात रचना करण्याचा त्यांना उत्साहही होता. भटोबासांनी त्यांना आवरले. त्यांचे म्हणणे असे की हे सारे संस्कृतात गेले तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. स्वामींनी त्यांना जे मराठीत दिले ते त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. हा प्रसंग वाचला की मला त्या अनाम म्हाताऱ्यांना दंडवत घालावासा वाटतो. त्या नुसत्या ऐकत बसल्या होत्या, आणि त्या ऐकत बसल्या होत्या म्हणून आपल्या भाषेत गद्य उभे राहिले. गोष्ट पुन्हा सांगताना समोर कोण बसले आहे ते आधी पाहावे, ही दुसरी शिस्त.

दृष्टांतपाठातला एक दृष्टांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे : जन्मांधांचा आणि हत्तीचा. गावात हत्ती आला, आंधळे पाहावयास गेले. ज्याच्या हाती पाय लागला तो म्हणाला हत्ती खांबासारखा, कान लागला तो म्हणाला सुपासारखा, आणि मग आपसांत भांडण जुंपले. शेवटी डोळस माणसाने सांगितले की हे सगळे हत्तीचे एकेक अवयव आहेत. केसोबास याचा अर्थ असा लावतात की निरनिराळी शास्त्रे तत्त्वाचा एकेक भाग धरून बसतात. पूर्ण पाहणारा वेगळा.

ही गोष्ट चक्रधरांची स्वतःची म्हणावी, तर ती त्यांच्या आधी दीड-दोन हजार वर्षे भारतात फिरत होती. पाली भाषेतल्या ‘उदान’ या बौद्ध ग्रंथात ती आहे. तेथे श्रावस्तीचा राजा गावातल्या जन्मांधांना मुद्दाम गोळा करवतो, हत्ती दाखवतो, आणि ते एकमेकांना गुद्दे घालू लागले की त्याला मौज वाटते. सूप आणि खांब तेथेही आहेत. दाताला नांगराचा फाळ म्हणणाराही आहे. हीच गोष्ट पश्चिमेला इराण्यांच्या भाषेत गेली. तिकडे सनाई कवीने ती आंधळ्यांची म्हणूनच सांगितली. पण त्याच्यामागून आलेल्या जलालुद्दीन रूमीने तिच्यात एक फार सुंदर बदल केला. त्याने आंधळे काढून टाकले. हत्ती अंधाऱ्या घरात बांधला आहे, पाहायला आलेली माणसे डोळस आहेत, पण हात लावून पाहण्यावाचून इलाज नाही. कोणाला तो पाण्याच्या नळासारखा वाटतो, कोणाला पंख्यासारखा, कोणाला सिंहासनासारखा. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर वादच झाला नसता, असे रूमी म्हणतो. रूमी इ. स. 1273 मध्ये कोन्या शहरात वारला. म्हणजे जवळजवळ त्याच वर्षांत एकीकडे गोदावरीच्या काठी आणि दुसरीकडे आजच्या तुर्कस्तानात दोन थोर पुरुष एकच जुनी गोष्ट आपापल्या माणसांना पुन्हा सांगत होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता! पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन गॉडफ्रे सॅक्स नावाच्या अमेरिकन कवीने तिचे गमतीदार गाणे केले, आणि ते इंग्रजी शाळांतून पाठ होऊ लागले.

गोष्ट एकच, पण राजाने पाहिली तर ती करमणूक होते, डोळस माणसाने मिटवली तर ज्ञानाची थोरवी होते, आणि अंधाऱ्या घरात नेली तर उजेडाची याचना होते. बदल केवढासा असतो! एक माणूस काढला, एक दिवा मागितला. आणि गोष्टीचे मनच पालटले. पुनर्लेखन म्हणतात ते हे. शब्दाला शब्द ठेवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

लीळाचरित्राच्या नशिबी मात्र आणखी एक परीक्षा होती. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांच्या राज्यावर उत्तरेकडील फौजा आल्या. त्या धामधुमीत म्हाइंभटांच्या हातची मूळ प्रत नाहीशी झाली. इतक्या कष्टाने गोळा केलेले एका तडाख्यात गेले. पण ज्यांनी ते ऐकले होते, घोकले होते, ते जिवंत होते. त्यांनी ते स्मरणातून पुन्हा लिहून काढले. हिराइसा नावाच्या स्त्रीच्या स्मरणावरून आलेला पाठ त्यांत प्रसिद्ध आहे. इतरांनीही आपापल्या आठवणीतून लिहिले. साहजिकच फरक पडले. एकीला प्रसंग आठवला त्यात एक वाक्य अधिक, दुसऱ्याला आठवला त्यात गाव वेगळे.

अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात. एक खरा मानून बाकीचे जाळावे, किंवा सगळे एकत्र कालवून कोणाचेच नव्हे असे काहीतरी करावे. महानुभावांनी दोन्ही केले नाही. त्यांनी निरनिराळे पाठ जपले, कोणाचा पाठ कोणता ते नोंदवले, आणि अशा भेदाला फार सुरेख नाव दिले : वासना. अमक्याची वासना अशी, तमक्याची वासना अशी. आज आपण हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतो. पण मनात मागे राहिलेला ठसा हा त्याचा जुना अर्थ ध्यानात घेतला, तर स्मरणाच्या भेदाला याहून समर्पक शब्द मला तरी सुचत नाही. गोष्ट कोणाकडून आली ते सांगावे आणि दुसऱ्याची आठवण वेगळी असेल तर तिलाही जागा द्यावी, ही तिसरी शिस्त.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिण्यास सुरुवात केली, आणि काही शतके हे सारे धन मठांच्या पेटीत कुलूपबंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली. त्यानंतर हे ग्रंथ छापून लोकांपुढे आणण्याच्या कामात आमच्या नागपूरचा वाटा मोठा आहे. ह. ना. नेने यांनी 1930 नंतरच्या दशकात लीळाचरित्र आणि दृष्टांतपाठ छापले. डॉ. वि. भि. कोलते यांनी तर उभी हयात महानुभाव वाङ्मयाला वाहिली. ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आणि अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली त्यांची लीळाचरित्राची आवृत्ती 1978 साली प्रसिद्ध झाली. म्हाइंभटांनी माणसांकडून गोष्टी गोळा केल्या, कोलत्यांनी पोथ्यांकडून. काम तेच.

मग शाळेत हे कसे हरवले? छापील गोष्टीची पुस्तके मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने 1806 साली इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मुंबईकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ तयार केली. परक्या देशातली गोष्ट आपल्या मुलांसाठी मराठीत पुन्हा सांगणे, हे छत्र्यांचे काम केसोबासांच्याच जातीचे होते, आणि त्यांचे उपकार मराठी मुले कधी फेडू शकणार नाहीत. पण छापील पुस्तक आले, त्यामागून परीक्षा आली, आणि परीक्षेबरोबर ‘एकच बरोबर उत्तर’ आले. गोष्ट ऐकायची असते हे मागे पडून ती पुस्तकात असते असे ठरले. तात्पर्यसुद्धा छापूनच येऊ लागले. दार्ष्टांतिक हा शिष्याने स्वतः करावयाचा भाग. तोच पुस्तकाने करून टाकला! मुलाला करावयाचे राहिले काय?

म्हणून गेली काही वर्षे मी सातवी-आठवीच्या वर्गात रिद्धपूरची रीत चालवून पाहिली. फार काही सामान लागत नाही. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्या की तीन रकाने होतात. पहिल्यात ‘कोणाकडून ऐकले’. दुसऱ्यात ‘काय ऐकले’. तिसऱ्यात ‘मला काय वाटले’. दुसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याची बोली जशी असेल तशी यावी. आजी ‘त्याले’ म्हणाली असेल तर ‘त्याला’ लिहू नये. तिसऱ्यात मात्र मुलाने आपले लिहावे, आणि तेथे मी लाल शाई फिरवीत नाही. पहिल्या आठवड्यात मुले गोंधळतात. ‘सर, मला काय वाटले ते कोणत्या पानावर आहे?’ असे एकाने मला अगदी गंभीरपणे विचारले होते. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता.

हत्तीची गोष्ट मी तिन्ही तऱ्हांनी सांगतो : उदानातली, दृष्टांतपाठातली आणि रूमीची. काय बदलले ते मुलांनीच शोधावयाचे. राजा कोठे आहे, डोळस कोठे आहे, दिवा कोठे आहे, हे ती भराभर हुडकतात. मग मी म्हणतो, आता चौथी तऱ्हा तुम्ही सांगा. एका वर्षी सबंध वर्ग लिहीत असताना एक मुलगी नुसती बसून होती. विचारले तेव्हा हळूच म्हणाली, ‘सर, हत्तीले त कोनी इचारलंच नाई.’ मी म्हटले, ‘मग तू विचार.’ तिने लिहिलेल्या गोष्टीत हत्ती दमून आलेला आहे, त्याला पाणी हवे आहे, आणि सहा माणसे त्याला चाचपून तो कसा आहे यावर वाद घालीत आहेत. शेवटी सातवा आंधळा येतो, तो काही विचारीत नाही, बादली पुढे ठेवतो. आणि पाणी पिण्याचा आवाज ऐकून बाकीचे गप्प होतात. तात्पर्य तिने लिहिले नव्हते. मी मागितलेही नाही. अडीच हजार वर्षांच्या त्या गोष्टीत आमच्या वर्गातली एक वासना जमा झाली, एवढे मला पुरे होते.

दुसरा प्रसंग घरच्या गोष्टीचा आहे. आठवीच्या मुलांना मी सांगितले की घरातल्या वडील माणसाच्या कामाच्या पहिल्या दिवसाची गोष्ट आणा. एका मुलाचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ही मिल म्हणजे जुन्या नागपूरचे घड्याळ होते. तिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचा स्वयंपाक होत असे. मुलाने लिहिले की आबाजी पहिल्या दिवशी यंत्रांच्या आवाजाने घाबरून भिंतीशी उभे राहिले, तेव्हा एका अनोळखी म्हाताऱ्या कामगाराने त्यांना कानात घालायला कापसाचे बोळे दिले. त्याची चुलत बहीण त्याच वर्गात. ती उठून म्हणाली, ‘अनोळखी नाही, ते आजीचे बाबा होते.’ दोघांचे जुंपले. वर्गाचे दोन तट पडले. कोण खरे आणि कोण खोटे याचा निकाल माझ्याकडे मागू लागले.

मी निकाल दिला नाही. फळ्यावर दोघांची नावे लिहिली, नावांखाली दोघांच्या हकिकती लिहिल्या, आणि म्हाइंभटांनी काय केले असते ते विचारले. मुले म्हणाली, जाऊन विचारले असते. दोघे बहीणभाऊ त्या संध्याकाळी आबाजींच्या खाटेशी वह्या घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी तिसरी हकिकत आली. आबाजी म्हणाले होते, ‘दोघायचंही खरं आहे. त्या दिवशी मी त्यायले वळखत नव्हतो. सहा मह्यन्यानं त्यायच्याच पोरीचं स्थळ आलं.’ कापसाचे बोळे देणाऱ्या त्या म्हाताऱ्याने पोराला तेव्हाच हेरून ठेवले होते की काय, हे आबाजींनी सांगितले नाही. वर्गाने मात्र तिसऱ्या रकान्यात त्यावर भरपूर लिहिले.

त्याच हिवाळ्यात आबाजी वारले. दोन्ही मुलांच्या बापांनी ती गोष्ट कधी ऐकली नव्हती. एकाने मिलची एवढीच आठवण ऐकली होती की पगार किती मिळे, दुसऱ्याने एवढीच की संप कितीदा झाले. तेराव्याच्या दिवशी ती वही घरातल्या माणसांत हातोहात फिरली, असे मुलांनी मला सांगितले. मिल बंद झाली आहे. तिच्या जागेवर आता मोठे बाजारसंकुल उभे आहे, आणि भोंगा ऐकलेली माणसेही दिवसेंदिवस कमी होत आहेत. बोळे देणारा हात मात्र दोन मुलांच्या अक्षरात राहिला. तोही, अनोळखी होता आणि आजीचा बाप होता, अशा दोन्ही अंगांनी राहिला. दोघांपैकी एकाला मी ‘चूक’ म्हणून बसवले असते, तर सहा महिन्यांनी आलेले ते स्थळ कोणाला कळले असते?

गोष्ट पुन्हा सांगावयास शिकणे ही भाषेच्या तासापुरती बाब आहे असे मला म्हणूनच वाटत नाही. दुसऱ्याचे ऐकलेले इमानाने सांगता येणे, त्याचे शब्द आणि आपले मत यांत रेघ ओढता येणे, आणि माझ्याहून वेगळे आठवणारा माणूस खोटारडाच असतो असे नाही हे उमगणे : हे तीन धडे ज्याला आले, तो पुढे साक्षीदार झाला, पुढारी झाला, बातमीदार झाला किंवा नुसता शेजारी झाला तरी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येईल. आणि ज्याला ते आले नाहीत, तो कितीही भारी शब्दांत बोलो, ऐकीव आणि पाहिलेले, गुरूचे आणि आपले, यांची भेसळच करीत राहील. फोनने लिहून दिलेल्या गोष्टीत उणे काय असते म्हणाल, तर तिचा पहिला रकाना कोरा असतो. ती कोणा एका माणसाच्या तोंडून ऐकलेली नसते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे. दोन्ही आनंदाच्याच गोष्टी. पण भाषेचे थोरपण दर्जाच्या कागदावर जितके असते, त्याहून अधिक ते घरातल्या बोलण्यात असते. भटोबासांनी ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी राखली, त्यांच्या पणत्या-खापरपणत्या आज आपल्या घरात आहेत.

वाचकहो, दिवाळीच्या या चार दिवसांत घरोघर तीन-तीन पिढ्या एका छपराखाली येतात. फराळाची ताटे उचलून झाली, पोरांचे फटाके संपले की आजीपाशी, आबाजींपाशी, आत्याबाई, मामा जे कोणी असतील त्यांच्यापाशी मुलांना वही देऊन बसवावे. एक गोष्ट विचारू द्यावी. सांगणाऱ्याने ‘त्यात काय सांगायचं!’ म्हणून टाळले तर दुसऱ्यांदा विचारू द्यावे; महदाइसा तेच करीत असे. मामा मध्येच ‘तसं नव्हतंच मुळी’ म्हणाले तर त्यांना गप्प करू नये. त्यांचीही वासना खाली लिहून घ्यावी. आणि वर, पानाच्या पहिल्या ओळीवर, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्यास मुलांनी विसरू नये.